सह्याद्री पालथा घालणारे पाय बर्फात का रुततात? स्नोशूपासून हिमस्खलनापर्यंत, बर्फातल्या ट्रेकचं गणित

डिसेंबर-जानेवारी आला की व्हॉट्सअॅपवर एक फोटो हमखास फिरायला लागतो. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, काठावरच्या गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर, आणि खाली ओळ, ‘महाबळेश्वरात बर्फ पडला!’ दुपारपर्यंत तो कोल्हापूर, सांगली, कराडच्या सगळ्या ग्रुपवर पोहोचलेला असतो.

तर पहिली गोष्ट, तो बर्फ पडलेला नसतो. ते दव गोठलेलं असतं. आभाळ निरभ्र असलेल्या रात्री जमीन, गवत, गाडीचा पत्रा आपली उष्णता भराभर सोडून देतात. हवेचं तापमान पाच-सहा अंश असलं तरी पानाचा पृष्ठभाग शून्याच्या खाली जातो आणि त्यावरचं दव गोठतं. सूर्य वर आला की तासाभरात खेळ खलास. खरा बर्फ ढगातून पडतो, साठतो, दबतो आणि महिनोन् महिने जमिनीवर बसून राहतो. सह्याद्रीत तो पडत नाही. त्यासाठी हिमालयातच जावं लागतं.

आणि कोल्हापूरकर जातातही. पन्हाळा ते पावनखिंड ही पन्नासहून जास्त किलोमीटरची वाट भर जुलैच्या पावसात दोन दिवसांत तुडवणाऱ्या पोरापोरींची इथं कमी नाही. मसाई पठारावरचा वारा, करपेवाडीच्या पुढचा चिखल, पांढरे पाणी ओलांडून खिंडीत उतरणं, हे सगळं एकदा झालं की पुढचं स्वप्न ठरलेलं असतं. हिवाळ्यात केदारकंठा. रीलमध्ये दिसतो तो गुडघाभर बर्फ, देवदाराची झाडं आणि पहाटेचं शिखर.

अडचण अशी की पन्हाळा-पावनखिंड चार वेळा केलेला माणूसही बर्फावर पहिल्या अर्ध्या तासात धापा टाकतो. दम कमी असतो म्हणून नाही. पायाखालची जमीनच वेगळी असते.

बर्फ म्हणजे नव्वद टक्के हवा

नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फाच्या एका घनमीटरचं वजन साधारण ५० ते १०० किलो भरतं. तेवढ्याच पाण्याचं वजन १,००० किलो असतं. म्हणजे ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त जागा हवेचीच असते. सहा टोकांचे नाजूक स्फटिक एकमेकांवर अलगद टेकलेले असतात, त्यावर पाय दिला की ते मोडतात आणि पाय खाली जातो. किती खाली? खालचा दबलेला थर लागेपर्यंत. कधी घोट्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत.

भाताची रोप लावण ज्यानं केली आहे, त्याला हे लगेच कळेल. राधानगरी-भुदरगडकडच्या चिखलणी केलेल्या वाफ्यात पाय घालताना काही वाटत नाही, काढताना कळतं. बर्फातही रुतण्यापेक्षा पाय उपसून पुढं टाकणं महागात पडतं. प्रत्येक पावलाला अख्खा पाय गुडघ्याच्या वर उचलायचा, पुढं टाकायचा, तो पुन्हा रुतणार. अमेरिकन लष्करासाठी १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की पाय जेमतेम घोट्यापर्यंत रुतत असेल तरी चालण्याचे कष्ट पक्क्या रस्त्याच्या दुपटीहून जास्त होतात. गुडघ्याकडं जाऊ लागलं की ते चौपटीवर पोहोचतात. आपल्या डोक्यात किलोमीटरचा हिशेब असतो आणि बर्फ तो हिशेबच मोडतो. सह्याद्रीत तासाला तीन-चार किलोमीटर चालणाऱ्याला इथं एक किलोमीटरही होत नाही.

यावर माणसानं फार जुना उपाय शोधलाय. पायाचं क्षेत्रफळ वाढवायचं.

हिशेब सोपा आहे. माणूस ७० किलोचा आणि पाठीवर १० किलोची सॅक धरली तर एकूण ८० किलो. चालताना हे सगळं वजन एका पायावर येतं. बुटाचा तळवा साधारण २५० चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३२० ग्रॅम भार पडला. आता त्याच बुटाखाली २० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब अशी जाळीदार चौकट बांधली की क्षेत्रफळ झालं १,२०० चौरस सेंटिमीटर आणि भार आला ६७ ग्रॅमवर. जवळपास पाचवा हिस्सा. ओल्या काँक्रीटवरून जाताना गवंडी फळी टाकतो, त्यामागं हेच तत्त्व आहे. हिमबिबट्याचे पंजे त्याच्या अंगाच्या मानाने मोठे आणि खालून केसाळ असतात, तेही याचसाठी.

ही चौकट म्हणजे स्नोशू. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी अॅश झाडाचं लाकूड वाकवून त्यात कातडी वाद्यांची जाळी विणली आणि अशा टेनिसच्या रॅकेटसारख्या दिसणाऱ्या चौकटींवर हिवाळाभर शिकारी केल्या. आता अॅल्युमिनियमची नळी आणि प्लॅस्टिकचा पत्रा आलाय, कल्पना तीच आहे. बूट फक्त पुढच्या बाजूला, चवड्यापाशी बांधलेला असतो आणि टाच मोकळी राहते, त्यामुळं स्लिपर घालून चालल्यासारखं मागचं टोक बर्फावर घासत येतं. चवड्याखाली लोखंडी दात असतात, ते चढावर रुतून पकड देतात. दोन्ही हातांत काठ्या, त्यांच्या टोकाला रुंद चकती. नाहीतर काठीच बर्फात गायब.

चालायला शिकायला दहा मिनिटं लागतात. पाय जरा फाकून टाकायचे, नाहीतर एक स्नोशू दुसऱ्यावर पडतो आणि माणूस तोंडावर. मागं मात्र चालता येत नाही, वळायचं तर गोल फिरून वळायचं. स्नोशू घातले तरी पाय थोडा रुततोच, आणि सर्वांत पुढं चालणाऱ्याचे हाल सर्वांत जास्त होतात. उसाच्या फडात पाचट तुडवत पहिल्यांदा वाट काढणाऱ्याचे होतात तसे. म्हणून गट चालताना पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदलतात.

मग केदारकंठ्याला स्नोशू विकत घ्यायचे का?

नाही. इथं बरेच जण फसतात. परदेशी व्हिडिओ बघून महागडे स्नोशू मागवायचे आणि ट्रेकवर ते सॅकला लटकवून हिंडायचं, याला अर्थ नाही.

केदारकंठा, ब्रह्मताल, दयारा बुग्याल या लोकप्रिय वाटांवर हिवाळ्यात रोज माणसं चालतात. शेकडो बुटांखाली दबून बर्फ टणक होतो. तिथं पाय रुतण्याचा प्रश्न फारसा उरत नाही, उलट घसरण्याचा येतो. दिवसा उन्हानं वरचा थर जरासा वितळतो, रात्री तो गोठतो आणि सकाळी पायवाट काचेसारखी गुळगुळीत होते. तिथं उपयोगी पडतात मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर रबरानं ताणून चढवायच्या, खाली लोखंडी दातांच्या साखळ्या. त्याच्या जोडीला गेटर, म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायचं जलरोधक कापड, बुटात बर्फ शिरू नये म्हणून. या दोन्ही गोष्टी आयोजक बहुतेक वेळा देतात किंवा पायथ्याच्या गावात भाड्यानं मिळतात. विचारून घ्यावं, एवढंच.

सह्याद्रीतला ट्रेकर इथं चकतो, कारण त्याला बेसॉल्टच्या खडकाची सवय असते. आपला कातळ खरखरीत. कोरडा असला की बुटाचा तळ त्याला चिकटतो आणि माणूस बिनधास्त उड्या मारत उतरतो. बर्फावर हे चालत नाही. चढताना बुटाचं टोक मारून छोटी पायरी करायची आणि मगच वजन टाकायचं. उतरताना याच्या उलट, टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि अंग मागं न टाकता सरळ ठेवायचं. भीतीनं मागं झुकला की पाय पुढं सटकलाच.

शिखराची चढाई पहाटे तीन-चारला सुरू करण्यामागंही बर्फच आहे. लोकांना वाटतं सूर्योदयाच्या फोटोसाठी. फोटो मिळतो हे खरं, पण पहाटे बर्फ गोठून कडक असतो, त्यावर पाय टिकतो. दहा-अकरानंतर तोच बर्फ मऊ पडतो आणि उतरणाऱ्याची मांडीपर्यंत फसगत सुरू होते.

थंडी नाही, घाम मारतो

कोल्हापुरात हिवाळ्यातलं किमान तापमान चौदा-पंधरा अंशांवर आलं तरी रंकाळ्यावर कानटोप्या दिसायला लागतात. जानेवारीत केदारकंठ्याच्या वरच्या कॅम्पवर रात्री तापमान उणे आठ-दहापर्यंत जातं. त्यामुळं माणूस घरातून निघतानाच अंगावर सगळं चढवतो आणि चढाला लागला की आतून भिजतो.

सुती कपडा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. चालताना जाणवत नाही. थांबलं की तोच ओला बनियन अंगातली उष्णता ओढून घ्यायला लागतो, कारण कोरड्या हवेपेक्षा पाणी कितीतरी पटीनं वेगात उष्णता वाहून नेतं. म्हणून आतला थर कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा हवा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. फुगीर डाऊन जाकीट चालताना घालायचं नसतं, ते थांबल्यावर काढायचं. जीन्सचा तर विषयच नको. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि रात्री पत्र्यासारखी कडक होते.

गॉगल हा फॅशनचा भाग समजून पुष्कळ जण घरी ठेवतात. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, शिवाय उंची वाढेल तसे हे किरण तीव्र होत जातात. दिवसभर उघड्या डोळ्यांनी चाललं तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. याला हिमांधत्व म्हणतात. एक-दोन दिवसांत बरं होतं, पण ते दोन दिवस तुम्ही डोंगरावर असता.

सांकरीच कळसूबाईपेक्षा हजार फूट उंच

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० फुटांवर आहे. पन्हाळा तीन हजारांच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वोच्च टोक कळसूबाई, ५,४०० फूट. आणि केदारकंठ्याची चालायला सुरुवात जिथून होते ते सांकरी गावच जवळपास ६,४०० फुटांवर वसलेलं आहे. शिखर १२,५०० फूट. याचा अर्थ महाराष्ट्रात कितीही गड पायाखाली घातले, तरी विरळ हवेचा सराव इथं होऊच शकत नाही.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडं २१ टक्केच असतं, पण उंचीवर हवेचा दाबच कमी होतो. १२,५०० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ६३ टक्के उरतो. एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. आठ हजार फुटांच्या वर गेलं की डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. यालाच अॅक्यूट माउंटन सिकनेस म्हणतात. तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला होतो आणि शेजारच्या बारीकशा आजोबांना होत नाही, असंही घडतं. तब्येतीच्या तगडेपणाशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट तगडा माणूस जोशात भराभर चढतो आणि दुखणं लपवतो, म्हणून त्याला धोका जास्त.

साधं दुखणं एका दिवसाच्या विश्रांतीनं, पाणी पिऊन जातं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस यायला लागला, तर फुप्फुसात पाणी भरतंय असं समजायचं. बोलणं असंबद्ध झालं, सरळ रेषेत टाच-चवडा जोडून चालता येईना, तर मेंदूला सूज येत असते. दोन्हींत उपाय एकच, त्याच क्षणी खाली उतरायचं. रात्र असो, पाऊस असो, शिखर अर्ध्या तासावर असो. सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेततं. डायमॉक्सच्या गोळ्या सोबत घेणारे बरेच असतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, ग्रुपवरच्या अनुभवी मित्राला विचारून नव्हे.

माघार घेण्याबाबत कोल्हापूरचंच उदाहरण आहे. गिर्यारोहक कस्तुरी सावेकर २०२१ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या होत्या. हवामान बिघडलं आणि त्यांना शिखर न गाठताच परतावं लागलं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या आणि मे २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या. घरी परत आल्या होत्या म्हणूनच दुसऱ्यांदा जाता आलं.

पांढरा उतार कोसळतो तेव्हा

या भागात बर्फ पुष्कळ घरांना आधी माहीत झाला तो फौजेमुळं. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं तर नावच सगळं सांगतं. जम्मू-काश्मीर, सियाचीन ही नावं इथल्या घरांना पर्यटनाच्या आधीपासून परिचयाची आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवरच्या चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यात शेजारच्या साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी होते. सहा दिवसांनी जिवंत सापडलेले हनुमंतप्पा कोप्पड धारवाडचे. तेही पुढं दिल्लीच्या रुग्णालयात गेले.

हिमस्खलन कसं होतं? बर्फ एका थरावर दुसरा असा साठत जातो. खालचा एखादा थर साखरेसारखा सुटा राहिला आणि वर जड बर्फ बसला, की वरची अख्खी लादी एखाद्या माणसाच्या वजनानंही सुटते. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही. सर्वांत धोकादायक वेळ म्हणजे जोरदार बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस. नेमकी हीच वेळ फोटोला सर्वांत सुंदर असते, हे दुर्दैव.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली. त्या वेळी २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता होते. ही शिकलेली, दोर-साधनं सोबत असलेली माणसं होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू गेले. केदारकंठ्याची नेहमीची वाट अशा उतारांपासून बरीच लांबून जाते म्हणूनच ती नवख्यांसाठी योग्य मानली जाते. पण ‘इकडून शॉर्टकट आहे’ म्हणत वाट सोडून रीलसाठी शेजारच्या कोऱ्या उतारावर शिरलं की तो फायदा संपला. वाटेतल्या जूडा का तालाब या गोठलेल्या तळ्यावर चालण्याचा मोहही तसाच. बर्फाचा थर किती जाड आहे हे वरून कळत नाही, आणि तो कडेला एक आणि मध्ये दुसराच असू शकतो. गाइड नाही म्हणाला तर नाही.

तयारी कोल्हापुरातच, पण कशाची?

विरळ हवेचा सराव इथं होत नाही, पायांचा होतो. जोतिबाच्या पायऱ्या आठवड्यातून दोन-तीनदा, पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन, हा उत्तम व्यायाम. बहुतेक जण चढण्याचा सराव करतात आणि खाली गाडीनं येतात. उतरण्याचा सराव जास्त महत्त्वाचा, कारण मांडीचे स्नायू आणि गुडघे तिथं थकतात आणि थकल्या पायानं बर्फावर घसरायला होतं. रंकाळ्याकाठी पळणं आहेच. पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत, धाप न लागता, इतकं जमलं की दम पुरेसा आहे असं धरायला हरकत नाही. हे सगळं दोन महिने आधी सुरू करायचं, आठ दिवस आधी नव्हे.

नवे बूट घेतले असतील तर तेही याच काळात वापरून मळवून घ्यायचे. आणि दोन जाड मोजे घालूनही बोटं आत हलली पाहिजेत, इतके सैल घ्यायचे. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात.

बर्फाची खरी गोडी लागली तर पुढचा रस्ता रीलवर नाही, संस्थांमध्ये आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, इथं साधारण चार आठवड्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम होतात. खासगी ट्रेकच्या तुलनेत खर्चही आटोक्यात. युथ हॉस्टेल्स असोसिएशनचे हिमालयातले ट्रेकही मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ओळखीचे आहेत.

आणि स्नोशूच घालून चालायचं असेल, तर त्यासाठी गुलमर्ग. काश्मीरचा ‘चिल्ले कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. त्यानंतरचा फेब्रुवारी सहसा चांगला. पण हल्ली त्याचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी, कोरडे दिसत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथं व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढं ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनची साप्ताहिक गाडी, पुढं दिल्लीहून डेहराडून किंवा श्रीनगर, असा लांबचा प्रवास आणि तिकिटं दोन महिने आधी काढलेली. म्हणून निघण्याच्या आठवड्यात तिथल्या हवामान खात्याचा अंदाज आणि त्या दिवशीचे ताजे फोटो मागवून घ्यावेत. गेल्या वर्षीचे नकोत.